आईचे 27, तुझे 19

पत्र थोडक्यात असं : मूळची बीड जिल्ह्यातली, डिप्लोमा करून पुण्यात मेकॅनिकलला थेट दुसऱ्या वर्षात आलेली विद्यार्थिनी लिहिते, "आई-वडील ऊसतोडीला जायचे. मी आठवीत गेले तेव्हा माझी शाळा बुडू नये म्हणून आईने फडात जाणं थांबवलं आणि ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस झाली. मी दहावीला होते त्याच वर्षी तिनेही बाहेरून दहावीला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म भरला. गणितात तिला 27 मार्क पडले, ती नापास झाली. जुलैच्या पुरवणी परीक्षेआधी मीच तिचा अभ्यास घ्यायचे. रजिस्टरच्या कोऱ्या बाजूला ती गणितं सोडवायची. जुलैत ती पास झाली. अशा आईची मुलगी असून पहिल्याच सेमला माझे दोन विषय राहिले. एम-थ्रीत, म्हणजे मॅथ्स-3 मध्ये, 100 पैकी 19. थर्मोडायनॅमिक्स 3 मार्कांनी गेला. घरी सांगितलेलं नाही. डिप्लोमावर चाकणच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागावं आणि आईचं ओझं कमी करावं, असं वाटतं. काय करू?"

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझे 19 मार्क डोळ्यात भरले, दुसऱ्यांदा आईचे 27. मला विचारशील तर 27 ची गोष्ट जास्त कामाची आहे. तू मात्र ती दोन ओळींत उरकलीस.

"आईच्या कष्टांचं चीज" हा शब्दप्रयोग आपल्याकडे सत्कार समारंभात फार चालतो. मुलांच्या मानेवर त्याचा भार किती पडतो, ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणाऱ्यांकडे बघून कळतं. नापास झालेलं पोर आधी स्वतःला गुन्हेगार ठरवतं, मग शिक्षाही स्वतःच ठोठावतं. चाकणची नोकरी तू तशीच निवडते आहेस. ट्रेनीची नोकरी वाईट नाही. शॉपफ्लोअरवर दोन वर्षं घाम गाळलेली मुलं पुढे उत्तम इंजिनिअर झालेली मी पाहिली आहेत. पण तुला ती हवी आहे म्हणून तू जात नाहीस, आईला तोंड दाखवायला नको म्हणून जाते आहेस. ती वाट पुढच्या वर्षीही बंद होणार नाही. तेव्हा आत्ता ती बाजूला ठेवू.

आता आई जुलैत कशी निघाली ते बघू. ऊसतोडीच्या घरात कष्टांची कमतरता कधीच नसते. नुसत्या कष्टांनी गणित सुटत असतं तर ती मार्चमध्येच सुटली असती. मार्च ते जुलै या काळात नवीन घडलं ते एकच : अडतीस-चाळिशीची बाई स्वतःच्या सोळा वर्षांच्या मुलीसमोर वही घेऊन बसली आणि म्हणाली, हे मला येत नाही, सांग. (वय माझा अंदाज आहे, चुकला तर आईला सांगू नकोस.) तू तिला कुठून सुरुवात करायला लावलीस, आठव. सांख्यिकी, भौमितिक रचना, एकसामयिक समीकरणं, म्हणजे हुकमी मार्कांचे धडेच आधी घेतले असणार. दहावीचं गणित शिकवणारा कुणीही तेच करतो. प्रमेयं तिने बहुधा सोडूनच दिली असतील. 27 वरून 35 वर जायला 8 मार्क लागतात, सगळं पुस्तक लागत नाही.

तुझं एम-थ्री याच हिशेबाने बघ. डिप्लोमाची मुलं थेट दुसऱ्या वर्षात येतात, पहिल्या वर्षाचे एम-वन आणि एम-टू त्यांनी केलेलेच नसतात. वर्गातले बाकीचे त्या दोन पायऱ्या चढून आलेले असतात, तू जिन्याच्या मधूनच सुरुवात केलीस. प्राध्यापक फळ्यावर "हे तर तुम्हाला माहीतच आहे" म्हणून जी ओळ पुसतात, ती नेमकी तुला माहीत नसते. डिप्लोमाहून आलेल्या बहुतेक मुलांची ठेच इथेच लागते आणि ती हुशार नाहीत असा अर्थ निघत नाही.

मग काय करायचं? एम-थ्रीचं पुस्तक पंधरा दिवस मिटून ठेव. डिप्लोमाची मॅथ्सची जुनी वही काढ. इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन हे दोन धडे हात बसेपर्यंत सोडव. तिथे हात बसला की लाप्लासचा इनव्हर्स तुला परका वाटणार नाही, कारण त्यात निम्मं काम पार्शल फ्रॅक्शनचंच असतं. मग लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन घे. ऑक्झिलरी इक्वेशन लिहून मुळं काढायची, ही रीत ठरलेली असते आणि जुन्या प्रश्नपत्रिकांत तेच साचे फिरून येतात. व्हेक्टरला शेवटी हात लाव. एम-वनचे अडलेले तुकडे स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन वर्गांवर फुकट बघता येतात. कॉलेजमध्ये डिप्लोमावाल्यांसाठी ब्रिज कोर्स (राहिलेला पाया भरून काढणारा वर्ग) आहे का, हे विभागात जाऊन विचार. आणि वर्गातल्या ज्या मुलीला एम-थ्री येतं तिच्या खोलीत वही घेऊन जा. तुझ्या आईने हेच केलं, तेही घरातल्या सगळ्यात धाकट्या शिक्षिकेकडे.

थर्मो 3 मार्कांनी गेलाय, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. ती शिक्षकांना दाखव आणि वाव दिसला तरच पुनर्मूल्यांकनाला जा. मुदत थोडी असते, हे पत्र हाती पडेल त्याच दिवशी तारीख बघ. किती विषय राहिले तर तिसऱ्या वर्षाला जाता येतं, तो नियमही परीक्षा विभागाच्या कागदावर वाच. हॉस्टेलच्या ग्रुपवर जे फिरतं त्यावर वर्षाचा निर्णय घेऊ नकोस.

पैशांचं. 2024-25 पासून महाराष्ट्रात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या, कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण रक्कम शासन भरतं. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस. यातला नसेल तर तुझ्या प्रवर्गाची योजना महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलवरच सापडेल. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, ते चुकवू नकोस. राहतो तो खोलीचा आणि मेसचा खर्च. पुणे विद्यापीठाची "कमवा आणि शिका" योजना आहे, तुझ्या कॉलेजात ती चालते का ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचार. रोज थोडे तास काम आणि हातात स्वतःचे पैसे. आईचं ओझं कमी करायचंच असेल तर ही सुरुवात चाकणपेक्षा जवळची आहे.

एवढं करून पुढच्या दोन प्रयत्नांत एम-थ्री हललंच नाही, तर मला पुन्हा लिही. तेव्हा नोकरीचं बोलू आणि मनापासून बोलू.

आता घरचा फोन. रविवारी कर, अंगणवाडीला सुट्टी असते. रजिस्टरची ती पानं अजून आहेत का, विचार. असली तर फोटो पाठवायला सांग. आणि निकाल सांगताना पास झालेल्या विषयांपासून सुरुवात करू नकोस, 19 आधी सांग. तिचे 27 तुला त्याच दिवशी कळले होते.