जायंट्स–डॉजर्स मालिकेआधी पिचरांच्या जोड्या पाहताना जय-पराजयाचा आकडा कितपत धरावा?

सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघांच्या तीन सामन्यांच्या मालिकेआधी जाहीर होणाऱ्या, दोन्हीकडून सुरुवात करणाऱ्या पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) जोड्यांवरून अंदाज कसा बांधावा, आणि ज्याच्या नावावर विजय जास्त त्याचे पारडे जड मानावे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: मुळीच मानू नये. पिचरच्या नावापुढे छापला जाणारा जय-पराजयाचा आकडा बेसबॉलमधला सर्वांत निरुपयोगी आकडा आहे, आणि लॉस एंजेलिसला राहणाऱ्या माझ्या साडूंना हे मी गेली कित्येक वर्षे कानीकपाळी ओरडून सांगत आहे.

2021 चा हंगाम घ्या. जायंट्सचे 107 विजय, डॉजर्सचे 106. आपसातल्या 19 सामन्यांत जायंट्स 10–9 ने पुढे. हंगामानंतरच्या बाद फेरीतल्या पाच सामन्यांच्या डिव्हिजन सिरीजमध्येही 2–2 अशी बरोबरी. निर्णायक पाचवा सामना 14 ऑक्टोबरला, गुरुवारी, जायंट्सच्या घरच्या ओरेकल पार्कवर होता आणि साडू दसऱ्यासाठी सहकुटुंब आमच्याकडे फ्रीमॉन्टला उतरले होते. आमच्याकडून लोगन वेब आणि त्यांच्याकडून हुलिओ उरियास, अशी जोडी अपेक्षित होती. चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन साडूंनी निकाल जाहीर करून टाकला: "आमच्या माणसाचे वीस विजय आहेत राव, तुमच्या वेबचे अकरा. विषय संपला." मी त्यांना ईआरए (नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर धरल्या जाणाऱ्या धावांची सरासरी) दाखवला. उरियासचा 2.96 आणि वेबचा 3.03, म्हणजे नऊ डावांमागे एका धावेच्या दहाव्या हिश्श्याइतकाही फरक नव्हता. वेबने त्याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात डॉजर्सना आठव्या डावापर्यंत एकही धाव दिली नव्हती, हेही सांगितले. साडूंनी टोपी सारखी केली आणि चिवड्यातले दाणे वेचण्यात लक्ष घातले.

प्रत्यक्षात डॉजर्सनी सुरुवात उरियासकडून केलीच नाही. पहिला डाव कोरी केनेबलने टाकला, दुसरा ब्रुस्दार ग्रॅटेरोलने, आणि डावखुरा उरियास तिसऱ्या डावात आला. डावखुऱ्या पिचरसाठी उजव्या हाताच्या बॅटरांची फळी लावायची, ही जायंट्सची त्या वर्षीची हातखंडा युक्ती होती; उजव्या हाताचे दोन पिचर आधी पुढे करून डॉजर्सनी ती बोथट केली. छापील जोडी कागदावरच राहिली. वेबने सात डावांत एकच धाव दिली, तीही सहाव्या डावात डॉजर्सच्या सीगरच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर). त्याच डावाच्या उत्तरार्धात आमच्या डॅरिन रफने उरियासला होमरन मारून बरोबरी साधली. नवव्या डावात डॉजर्सच्या बेलिंजरने आमच्या कमिलो डोवालला सिंगल (एका बेसचा फटका) मारला आणि सामना 2–1 असा डॉजर्सकडे गेला. (शेवटच्या चेंडूवर पंचांनी बॅट फिरली असे धरून आमच्या फ्लोरेसला बाद दिले, पण ती फिरली नव्हती. मी या मतावर ठाम आहे.)

आता नोंद पाहा. विजय डॉजर्सच्या केनली जॅन्सनच्या नावावर, कारण विजयी धाव झाली त्याच्या लगेच आधीचा एक डाव त्याने टाकला होता. सेव्ह, म्हणजे शेवटी आघाडी राखल्याची नोंद, त्यांच्याच मॅक्स शर्झरला. सात डाव राबलेल्या वेबच्या नावावर काहीच नाही आणि उरियासच्या नावावरही काही नाही. एकाने रांधायचे आणि वाढणाऱ्याने दक्षिणा घ्यायची, असा हा हिशेब आहे. तरीही आमचे साडू आजतागायत "वीस विजयांच्या माणसाने तुम्हाला घरी बसवले" असेच म्हणतात.

पुढे 2023 मध्ये वेबच्या नावावर पुन्हा अकराच विजय लागले, पण पराजय तेरा. साडूंनी तो आकडा मला हौसेने पाठवला. त्या वर्षी वेबने 216 डाव टाकले, जे नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होते, आणि सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला. जेकब डिग्रॉमने 2018 मध्ये 10–9 अशा नोंदीवर तो पुरस्कार जिंकला, कारण त्याचा ईआरए 1.70 होता. मत देणाऱ्यांना हे कळते; साडूंना कळत नाही.

तेव्हा जोडी तोलताना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद करणे), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट बेस देणे) आणि होमरन यांचे प्रमाण पाहावे, कारण या तीन गोष्टींत मागच्या क्षेत्ररक्षकांचा हात जवळजवळ नसतो. अलीकडच्या दोन-तीन सामन्यांत फास्टबॉलचा वेग उतरला आहे का, हे पाहावे. वेबसारख्या सिंकर (शेवटी खाली उतरणारा चेंडू) टाकणाऱ्या पिचरच्या बाबतीत इनफिल्ड (बेसजवळचे क्षेत्र) कोण सांभाळत आहे, याला महत्त्व येते, कारण त्याचे बळी जमिनीवरून सरपटणाऱ्या चेंडूंवर मिळतात. आणि बहुतेक पिचर त्याच बॅटरांना तिसऱ्यांदा सामोरे जाताना जास्त मार खातात, म्हणून सहाव्या डावानंतर चेंडू कोणाच्या हाती जाणार, हा प्रश्न सुरुवातीच्या नावांइतकाच मोठा असतो. मालिकेच्या तिसऱ्या दिवशी तर मी आदल्या दोन रात्री बुलपेनमधले, म्हणजे मागाहून येणाऱ्या राखीव पिचरांपैकी, कोण किती चेंडू टाकून बसले आहेत, तेच आधी पाहतो.

अमुक बॅटरने तमुक पिचरसमोर बारा वेळांत पाच फटके मारले, असली माहिती सरळ सोडून द्यावी. अर्थात एकाच डिव्हिजनमध्ये गाठी वारंवार पडत असल्याने कधीकधी त्यात तथ्य निघते. ॲरिझोनाचा पॉल गोल्डश्मिट आमच्या टिम लिन्सकमला ज्या सातत्याने बडवत असे, तो निव्वळ योगायोग म्हणवत नाही. मात्र 2023 पासून डिव्हिजनमधल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी 19 ऐवजी 13 च सामने होतात, त्यामुळे असा पुरावा साठायलाही आता जास्त काळ लागतो. शिवाय हंगाम नुकताच सुरू झालेला असतो तेव्हाचे, एप्रिलमधले आकडे कोणाचेच फार मनावर घेऊ नयेत, आणि जाहीर झालेली नावे सामन्याच्या दिवशीही बदलतात, हे गृहीत धरूनच पैज लावावी.

आपल्या घरात कोणी विजय मोजून पिचर तोलणारे असतील, तर त्यांना त्या पाचव्या सामन्याचा स्कोअरकार्ड दाखवावा आणि जॅन्सनने नेमके काय जिंकले ते विचारावे. आमच्याकडे या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही.