सोलापुरात आमचं चौघांचं ऑफिस आहे. कोड स्वतःच्या मशीनवर ठेवायचाय आणि स्क्रीनवर खिडक्यांची गर्दी होते, काय वापरू?

सोलापुरात चौघांचंच ऑफिस म्हणताय, तर सरळ फोर्जेजो टाका, म्हणजे गिटहबसारखं कोड साठवायचं, पण स्वतःच्या मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर. २०२२मध्ये गिटी (Gitea) या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं. चालवायला एकच फाइल (बायनरी), डेटाबेस म्हणून छोटंसं एसक्यूलाइट पुरतं. आमचा यंत्रमागवाल्यांच्या बिलिंगचा कोड जुन्या ४ जीबीच्या डबड्यावर निवांत चाललाय. यूपीएस मात्र घ्याच. एप्रिलमध्ये लाइट गेली की कळतं.

फेडरेशनवर, म्हणजे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी जोडण्यावर, आत्ताच विसंबू नका. त्यासाठीचा फोर्जफेड हा प्रोटोकॉल अ‍ॅक्टिव्हिटीपबवर (मॅस्टोडॉनसारखे सर्व्हर जोडणारा प्रोटोकॉल) बेतलेला आहे. आपल्या सर्व्हरवरून दुसऱ्याच्या प्रोजेक्टवर इश्यू (चूक वा सूचनेची नोंद) टाकता यावा, हा हेतू. पण फोर्जेजोत ते काम अजून अर्धवट आहे.

खिडक्यांसाठी लिनक्सवर आय-थ्री (i3), हा खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी मांडणारा विंडो मॅनेजर. मॉड (आपण ठरवलेलं ऑल्ट किंवा विंडोज बटण)-शिफ्ट-२ दाबलं की समोरची खिडकी २ नंबरच्या वर्कस्पेसवर, म्हणजे वेगळ्या पडद्यावर. मी १वर एडिटर, २वर टर्मिनल ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅप ९वर, लांब.