उत्तरेच्या बांधावरचं शून्य

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. दोनदा वाचला. अंगठ्याने उत्तर टाइप करायला बसलो असतो तर दुपार झाली असती आणि सांगायचं ते तेवढ्यात मावलंही नसतं. म्हणून कागद घेतला.

तक्रार अशी, की चार महिने मी तुला तलावाच्या उत्तरेच्या बांधावर पक्षी मोजायला बसवलंय. तिथे टिटव्यांची जोडी, दोन-चार वंचक आणि भटकी कुत्री यांपलीकडे काही नाही. त्याच रविवारी बाकीची मंडळी गाड्या काढून लांब जातात, दिवसात नव्वद जाती करून येतात आणि रात्री ग्रुपवर फोटोंचा पाऊस पाडतात. तू टाकतेस : ‘थापट्या ०, चक्रांग ०, शेकाट्या ०.’ एकाने त्यावर हसरा चेहरा टाकला. वर पक्षी सप्ताहात सूत्रसंचालनाला आणि फलक रंगवायला न विचारता तुझंच नाव. ‘काका, मी वेळ वाया घालवतेय का? की सरळ वेगळा गट काढू?’

तू चांगलं काम करतेस वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला माहीत नसतं तर पहाटेच्या अंधारात चार महिने आलीच नसतीस.

गट काढायचा तर खुशाल काढ. मी आपला गट तीनदा फुटताना पाहिलाय, त्यात एकदा फोडणारा मीच होतो. पक्ष्यांचं त्याने काही अडलं नाही. तू या गटात राहा, त्या गटात जा, एकटी फीर. फक्त शून्य लिहायचं सोडू नकोस.

शून्याची एवढी काय मातब्बरी, असं मलाही वाटायचं. पहिली दहा वर्षं मी वहीत फक्त ‘नवीन’ पक्षी लिहिले. तारीख, जागा, नाव. एकदा लिहिलेला पुन्हा लिहायचा नाही. शेकाट्या माझ्या वहीत एकदाच आहे. आपल्या तलावावर तेव्हा ते किती असायचे? खूप. हा ‘खूप’ मला फार महागात पडला.

तलावाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हा हरकतींवर सुनावणी होती. आम्ही अकरा जण मोठमोठे छापील फोटो घेऊन गेलो. उत्तरेकडचा चिखलपट्टा दगडाने बांधून काढायचा बेत होता. आम्ही तावातावाने सांगितलं, इथे हजारो पक्षी येतात. समोरचा अधिकारी वाईट नव्हता. त्याने शांतपणे विचारलं, ‘कुठल्या महिन्यात किती? कधीपासून? वाढतायत की कमी होतायत?’ आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. सल्लागाराच्या अहवालात मे महिन्यातल्या दोन दिवसांच्या पाहणीवरून चौदा जाती लिहिल्या होत्या. मे महिन्यात, थंडीतले पक्षी निघून गेल्यावर! पाहुणे परत गेल्यावर घराची शिरगणती करावी तसं. पण त्यांच्याकडे आकडा होता आणि आमच्याकडे नुसतं विशेषण.

तो चिखलपट्टा म्हणजे तुझा आजचा बांध. आता कळलं तुला तिथे का बसवलंय? दगडाच्या पिचिंगमध्ये चोच खुपसता येत नाही, चिखलातल्या अळ्या-किड्यांचं भांडार बंद झालं, म्हणून तुतवार आणि शेकाटे गेले. काठचं उथळ पाणी गेलं, म्हणून पाणी गाळून खाणारा थापट्या गेला. तू दर रविवारी लिहितेस ते शून्य म्हणजे त्या दगडाचा पंचनामा आहे, आणि बांधणाऱ्यांपैकी कुणीही तो करायला येणार नाही. उद्या समज चार दगड निखळले, तिथे गाळ धरला आणि एखाद्या ऑक्टोबरात पाच तुतवार उतरले. ते ‘परत आले’ असं कशाच्या जोरावर म्हणशील? आधीची शून्यं वहीत असतील तर.

गिधाडांचं उदाहरण मी उठता-बसता देतो म्हणून पोरं वैतागतात, पण तुला ते पुन्हा ऐकावं लागेल. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या विणीला होत्या. विभू प्रकाश त्या काळात तिथल्या शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. तेव्हा गिधाडं मोजणं हा कावळे मोजण्यासारखाच रिकामटेकडा उद्योग वाटला असता, इतकी ती होती. १९९६ मध्ये पाहिलं तर १५० जोड्या. पुढच्या काही वर्षांत तिथे एकही उरली नाही. गुरांना तेव्हा देत त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेल्या गुरांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००३-०४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. त्या सगळ्याच्या मुळाशी ३५३ हा आकडा आहे. तो कुणी लिहून ठेवला नसता तर आपण एवढंच म्हणत बसलो असतो, की हल्ली गिधाडं दिसत नाहीत बुवा.

ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर तू भरतेस त्या यादीच्या शेवटी एक प्रश्न असतो : ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? लोक न वाचताच ‘हो’ दाबतात. पुढचं गणित त्या ‘हो’वर उभं असतं. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत एखादी जात आली, यावरून ती वाढतेय की घटतेय हे काढतात. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या देशव्यापी अहवालात ३० हजारांहून जास्त निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरल्या, ९४२ जाती तपासल्या आणि त्यांतल्या १७८ जातींना संवर्धनाची सर्वांत जास्त निकड आहे असं ठरवलं. नुसत्या लाडक्या आणि दुर्मीळ पक्ष्यांच्या याद्या यायला लागल्या तर हे गणित कोसळतं. त्या हिशेबात तुझी टिटवी आणि वंचक असलेली चार ओळींची यादी नव्वद जातींच्या फोटोंपेक्षा हलकी नाही. त्या नव्वदवाल्यांपैकी कित्येकांनी कावळा आणि साळुंकी लिहिलेलीच नसते.

मोजताना मात्र चुकारपणा नको. वेळ, किती चाललीस, सोबत किती जण, धुकं की वारा, सगळं लिही. थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोज, त्या दहांचा ठोकळा डोळ्यांत बसव आणि तो थव्यावर पुढे पुढे सरकव. आणि एक गोष्ट मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती : पाहिलं आणि दिसला नाही, तर शून्य. पाहिलंच नाही, तर आडवी रेघ. या दोन्हींची गल्लत करायची नाही. का, ते पुढे सांगतो.

कॅमेरावाल्यांवर माझा राग आहे असं ग्रुपवर बोललं जातं. अर्धं खरं आहे. चांगल्या फोटोने वाद मिटतात, हे मी कबूल करतो. पण त्या रातव्याच्या अंड्यांचं काय झालं ते तू ऐकलं नसशील. रातवा घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर पाचोळ्यात अंडी घालतो. त्याचा रंग हेच त्याचं छप्पर. माझ्या एका मित्राला ती अंडी सापडली. बावीस वर्षांची मैत्री, माझी पहिली दुर्बीण त्याच्याकडून उसनी घेतलेली. फ्रेम स्वच्छ यावी म्हणून त्याने समोरच्या दोन काटक्या आणि गवताचा झुबका बाजूला केला. फोटो अप्रतिम आला. जागा एकाने दुसऱ्याला सांगितली, रविवारी माळावर नऊ गाड्या होत्या आणि बुधवारी अंडी नव्हती. कावळ्याने नेली की मुंगसाने, देव जाणे. मी मासिक बैठकीत सगळ्यांदेखत त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. त्याच्याबरोबर आणखी सात जण गेले. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

घरट्याचा फोटो नाही आणि घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही, हा नियम बरोबरच होता. आजही मी हेच केलं असतं. चारचौघांत केलं नसतं, एवढंच. किंवा केलं असतंही. तो हसत होता ना, ‘दोन काटक्यांचं काय एवढं’ म्हणून.

आता लिहितोय ते गटात कुणालाच माहीत नाही.

त्या सुनावणीनंतर मी हट्टाला पेटलो. महिन्याचा पहिला रविवार, तीच वाट, तेच दोन तास, पाऊस असो की ताप. थंडीतल्या फेरीला चाळीस जण यायचे, जूनमध्ये तिघे. मी एकही महिना चुकवला नाही, हे मी सगळ्यांना सांगत आलो. एका जानेवारीत पाणपक्षी गणनेच्या दिवशी दाट धुकं होतं. सोबतीला कुणीच आलं नव्हतं. माझा गुडघा सुजला होता. मी दक्षिणेच्या भिंतीवर अर्धा तास बसलो आणि पलीकडच्या काठाला गेलोच नाही. वहीत आदल्या वर्षीचा आकडा होता, चक्रांग १८०. मी २०० लिहिले. तलवार बदक ४०. हात थरथरला नाही.

पुढे जलपर्णी काढायचं यंत्र ऐन पावसाळ्यात, कमळपक्ष्यांच्या विणीत, पाण्यात उतरवायचं ठरलं तेव्हा आम्ही सलग नऊ वर्षांच्या नोंदी घेऊन गेलो. या वेळी विशेषणं नव्हती. काम पुढे ढकललं गेलं, कमळपक्ष्यांची पिल्लं पानांवरून चालताना तू स्वतः पाहिलीस. त्या नऊ वर्षांच्या एकशे आठ पानांत ते पानही होतं. ते काढलं असतं तरी आमचं म्हणणं टिकलं असतं, जानेवारीच्या बदकांचा त्या प्रश्नाशी संबंधच नव्हता. मग का नाही काढलं? ‘सलग नऊ वर्षं’ म्हणायला बरं वाटत होतं, म्हणून.

खोटी नोंद किती काळ माणसांना फिरवते याची गोष्ट तुला वनपिंगळा या छोट्या घुबडावरून सांगतो. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती. अपवाद एकच, कर्नल माइनरत्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाकडचा भरून ठेवलेला नमुना, लेबलावर १९१४ आणि गुजरातेतली मांडवी. त्या लेबलावर विसंबून शोध झाले आणि शोधणारे हात हलवत परत आले. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा कळलं की तो जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी होता. चोरलेला, पुन्हा भरलेला आणि वर खोटं लेबल चिकटवलेला. ते लेबल बाजूला टाकून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खरे नमुने जिथले होते तिथे गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा समोर बसलेला सापडला, ११३ वर्षांनी. इतकी वर्षं तो आपल्या जागीच होता.

त्यापुढे माझे दोनशे चक्रांग म्हणजे किरकोळ, असं मी स्वतःला सांगतो. माणूस थकतो, एखादं पान चुकतं. पण ज्या माणसाने दोन काटक्यांसाठी मित्राला बैठकीतून उठवलं त्याने असं सांगू नये, हेही कळतं.

तुझ्या बाकीच्या प्रश्नांना लांब उत्तरं नाहीत. सूत्रसंचालनाला पुढच्या वेळी सरळ नाही म्हण. त्या दिवशी मी समोर बसून गप्प राहिलो, ते चुकलंच. हसरा चेहरा टाकणाऱ्याला उत्तर देत बसू नकोस. बांधाच्या टोकाला टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे मामा असतात, त्यांच्याशी मात्र बोल. कुठला पक्षी कधी उतरला, पाणी कधी उतरलं, हे त्यांना आपल्या सगळ्या गटापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी बारा वर्षं त्यांच्या बाजूने दुर्बीण गळ्यात अडकवून गेलो आणि एकदाही थांबलो नाही. त्यांना पक्ष्यांची आपली नावं येत नाहीत, त्यांची नावं तू लिहून घे.

या पत्रासोबत माझ्या वह्या पाठवतोय, सगळ्या. पाचव्या वहीत जानेवारीच्या पानाला पेन्सिलने खूण केली आहे. तिथले आकडे खोडून आडवी रेघ ओढावी म्हणून काल रात्री पेन काढलं होतं. झालं नाही. ते काम तुझ्यावर टाकतोय, आणि गटाला काय सांगायचं तेही तूच ठरव. मी नाही म्हणणार नाही.

तुझा,
काका

ता. क. वैतागून पाठवलेला तो बांधावर झोपलेल्या कुत्र्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. मागे, पाण्याच्या कडेला, एक करडा ठिपका आहे. तुतवार असेल असं मला वाटतं. म्हणजे तसं वाटावं अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून नाव मी सांगणार नाही. तिथे तू होतीस. तू पाहिलास का? पाहिला असशील तर वेळ टाकून लिही. नसशील तर शून्य तसंच राहू दे.