हाड हललं, चेहरा अजून यायचाय

"मॅडम, जबडा सरळ झाला म्हणतात. पण हे नाक कुणाचं?"

ऑपरेशनचा बारावा दिवस. तोंडाला स्कार्फ, दातांना रबरं, शब्द दातांआडून येणारे. 23 वर्षांची मुलगी. खालचा जबडा पुढे, वरचा मागे. दीड वर्ष तारा लावून मग शस्त्रक्रिया : वरचा पुढे घेतला, खालचा मागे सरकवला. भेटायला आलेल्या मावशीचं एकच वाक्य, "आधी बरी दिसत होतीस गं!" त्या दिवसापासून तिने खोलीतला आरसा उलटा करून ठेवलेला.

मी तिला समजावलं, हाड टेबलावरच जागेवर बसतं. वरचं मांस, कातडी मात्र आपल्या चालीने येतात. सूज दोन-तीन दिवसांत कळसाला पोचते, तीन-चार आठवड्यांत बरीच उतरते, उरलेली बारीक सूज जायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. हनुवटीची कातडी हाडाबरोबर जवळजवळ तेवढीच सरकते. खालचा ओठ त्याहून थोडा कमी. वरचा ओठ हाड जेवढं पुढे जाईल त्याच्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश. म्हणून ऑपरेशनआधी कॉम्प्युटरवर दाखवलेलं चित्र ओठांपाशी हमखास थोडं चुकतं.

आणि नाक? नाकपुड्यांचं बूड वरच्या जबड्यावरच टेकलेलं असतं. तो पुढे आला की नाकपुड्या पसरतात, शेंडा किंचित उचलला जातो. सर्जन आतून टाका घालून त्या आवळतात, तरी थोडी रुंदी राहू शकते. 'सगळं आधीसारखं होईल' असं मी तिला म्हटलं नाही. खरं तर हे ऑपरेशनआधीच कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते काम माझंच होतं.

खालचा ओठ बधिर होता. पेज ओघळली तरी तिला कळायचं नाही. खालच्या जबड्यातून जाणारी नस दुखावली की असं होतं. बहुतेकांत संवेदना काही महिन्यांत परतते, काहींत थोडा बधिरपणा राहतो. हेही सांगितलं.

मग विचारलं, "रोज सेल्फी काढतेस?" मान हलली. मोबाइल तोंडाजवळ धरला की नाक आहे त्याहून मोठं दिसतं! ठरलं : पंधरा दिवसांनी एक फोटो, त्याच खिडकीपाशी, भावाने पाच फुटांवरून काढायचा.

सहा महिन्यांनी स्कार्फ नव्हता.

"नाक थोडं रुंदच राहिलंय ना?"

"हो, थोडं."

"मला वाटलंच," म्हणाली, आणि भावाने काढलेले फोटो मला ओळीने दाखवत बसली.