सात दिवस, एकच बेट

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. मी, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांची आई असे आमचे कुटुंब आहे. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, पण तिचे चालणेफिरणे व्यवस्थित आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर अंदमानला जाण्याचा विचार आहे. एका प्रवासी कंपनीने आखून दिलेल्या बेतात सहा रात्रींपैकी पोर्ट ब्लेअरला दोन, हॅवलॉकला दोन, नीलला एक आणि परतताना पुन्हा पोर्ट ब्लेअरला एक अशी वाटणी असून मधला एक दिवस बाराटांगसाठी राखला आहे. हा बेत योग्य आहे का? शिवाय, समुद्र आपल्या दारातच असताना एवढ्या लांब जाऊन नेमके काय पाहायचे, असे आईचे म्हणणे आहे. तिला काय सांगावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आईंचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सापडले की बाकीचा बेत लावणे सोपे जाईल. मांडवी आणि जुवारी या नद्या पावसाळ्यात जो गाळ समुद्रात आणून टाकतात, त्यामुळे मिरामारला कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले तरी आपली पावले आपल्याला दिसत नाहीत. वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडच्या आसपास प्रवाळ आहे. पण तिथे होडीने जावे लागते आणि पाणी किती स्वच्छ मिळेल ते त्या दिवसावर अवलंबून असते. अंदमानात अनेक ठिकाणी प्रवाळ किनाऱ्यालगतच सुरू होते. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून, काच लावलेला मुखवटा पाण्यात बुडवला की खालचे जग दिसू लागते. आईंना सांगा की समुद्र आपल्याकडेही आहे, पण त्याच्या आत काय चालले आहे हे आपल्याला इथे दिसत नाही. ते पाहायला जायचे आहे.

मी नीलवर (2018 पासून या बेटाचे अधिकृत नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप आहे) पहिल्यांदा गेलो, तेव्हा धक्क्याला लागूनच असलेल्या भरतपूर किनाऱ्यावर सकाळी नऊ वाजता मोठ्या उत्साहाने उतरलो होतो. ओहोटी इतकी लागली होती की पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होते, तपकिरी खडक उघडे पडले होते आणि पोहण्याचे नावही काढता येत नव्हते. होडीवाल्याने माझ्याकडे पाहून, हा माणूस पंचांग न बघता आला आहे, अशा अर्थाची मान हलवली आणि दुपारी यायला सांगितले. दुपारी त्याच जागी पाणी भरले होते आणि खाली हिरवट-निळे पोपटमासे प्रवाळाला तोंड लावून बसले होते. पाण्याखाली कान गेल्यावर त्यांच्या चावण्याचा आवाज चक्क ऐकू येतो; शेजारी बसून कोणी खडीसाखर फोडत असावे, तसा. हे मासे प्रवाळाचा चुना दळून त्याची वाळू करून बाहेर टाकतात. किनाऱ्यावरच्या ज्या पांढऱ्या वाळूचे आपण फोटो काढतो, तिचा बराचसा भाग त्यांच्या पोटातून आलेला असतो. दहा वर्षांच्या मुलाला ही माहिती जरूर द्या, तो ती जन्मभर विसरणार नाही.

तेव्हा भरती-ओहोटीचे वेळापत्रक हा या सहलीचा पाया समजावा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती जशी मोठी तशी ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पाण्याची चढउतार कमी होते. हा नियम तिथेही लागू आहे. मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचे जे गणित आपल्याकडची जुनी माणसे करतात, ते आपल्या किनाऱ्याचे आहे. अंदमानात ते वापरू नका, तिथल्या वेळा छापील किंवा ऑनलाइन तक्त्यातून घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येला येत असल्यामुळे दिवाळीच्या ऐन दिवसांत गेलात तर उधाण सापडेल. लक्ष्मणपूरजवळची खडकाची नैसर्गिक कमान पाहायला खोल ओहोटीच लागते, त्यामुळे तिच्यासाठी ते सोयीचे आहे. भरतपूरला पाण्यात उतरण्यासाठी मात्र भरतीची वेळ गाठावी लागेल.

आता हंगामाविषयी. नैऋत्य मोसमी पाऊस गोव्याला पोहोचण्याच्या कितीतरी आधी, मे महिन्यातच, अंदमानात दाखल होतो आणि तो संपतो न संपतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचेही हेच महिने. म्हणून दिवाळी ही माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाची निवड आहे. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र सर्वांत शांत असतो. मुलाच्या शाळेचे चार दिवस बुडवणे तुम्हांला चालत असेल, तर 26 जानेवारीच्या सुट्टीला जोडून जाणे मी अधिक पसंत करीन. नाताळात हवा चांगली असते, पण गर्दी आणि भाडी कशी चढतात हे गोव्यात राहणाऱ्याला मी सांगायला नको. दिवाळीशिवाय जमतच नसेल, तर परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवून जा.

या मोकळ्या दिवसाचा आग्रह मी अनुभवावरून धरतो. एकदा मी सकाळी बेटावरून निघून त्याच दुपारचे विमान पकडण्याचा बेत केला होता. पहाटे वारा उठला, बोट रद्द झाली, विमान माझ्यावाचून गेले आणि तिकिटाचे पैसे त्याच्याबरोबर गेले. रायबंदरहून मांडवी ओलांडून चोडणला जाणारी आपली फेरीबोट डोळ्यांसमोर ठेवून या प्रवासाचा अंदाज बांधू नका. पोर्ट ब्लेअर (2024 पासून श्री विजयपुरम) ते नील किंवा हॅवलॉक हा खुल्या समुद्रातला प्रवास आहे. खासगी वेगवान बोटीने साधारण दीड तास आणि सरकारी बोटीने दोन-अडीच तास लागतात. खासगी बोट वातानुकूलित पण बंदिस्त असते. सरकारी बोटीत डेकवर वाऱ्याला उभे राहता येते आणि ज्याला बोट लागते, त्याला हा वाराच औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतो. उलटीची गोळी घ्यायचीच असेल तर बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, आणि आईंच्या बाबतीत ती रक्तदाबाच्या औषधांबरोबर चालेल का हे डॉक्टरांना घरी असतानाच विचारून घ्यावे.

हे सगळे लक्षात घेतले की कंपनीच्या बेतातला दोष उघड होतो. सहा रात्रींत चार वेळा सामान बांधायचे, तीन वेळा बोटीत चढायचे आणि एक अख्खा दिवस गाडीत बसायचे, यात बेटावर निवांत राहणे कुठे उरते? माझी सूचना अशी आहे : पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, पुढच्या चार रात्री नील, शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. हॅवलॉक सोडून द्या. तिथला राधानगर किनारा अतिशय देखणा आहे, त्याविषयी वाद नाही. पण तुमच्या आईंसाठी आणि मुलासाठी नील अधिक सोयीचे आहे, कारण ते लहान आहे, तिथले रस्ते बहुतेक सपाट आहेत आणि मुलाला भाड्याची सायकल घेऊन एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाता येते. (स्कूटरही भाड्याने मिळतात. एरवी आपण त्या पाहुण्यांना देतो, एकदा स्वतः घेऊन पाहायला हरकत नाही.) सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त आणि मधल्या वेळात भरतपूर, एवढ्यावर चार दिवस सहज भरतात. ज्यांना पाण्यात उतरायचे नाही त्यांच्यासाठी भरतपूरला तळाशी काच बसवलेल्या होड्या आहेत. आईंना त्यातून प्रवाळ पाहता येईल.

सूर्याच्या बाबतीत एक धक्का बसतो, त्याची तयारी ठेवा. अंदमान आपल्यापेक्षा जवळजवळ एकोणीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच आहे; त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास दिवस संपतो. गोव्यातल्या सवयीने चहा घेऊन साडेपाचला किनाऱ्यावर गेलात तर अंधारच पाहायला मिळेल. त्यापेक्षा पहाटे पाचला उठा आणि रात्री आठला झोपा, म्हणजे सकाळचा शांत समुद्र आपोआप वाट्याला येईल.

बाराटांग मी का गाळले तेही सांगतो. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यासाठी रस्त्याने जाणाऱ्यांना मध्यरात्रीनंतर उठून गाड्यांच्या ताफ्यात सामील व्हावे लागते, आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. या जंगलातल्या रस्त्याचा काही भाग बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिला होता. छायाचित्रे घेण्यास तिथे बंदी आहे, तरीही गाडीतली माणसे खिडकीशी का सरसावतात हे सर्वांना ठाऊक असते. कोणाच्या अंगणातून गाडी नेऊन त्याच्याकडे टक लावून पाहणे हा सुट्टीचा भाग असू नये, असे मला वाटते.

पहिल्या दिवसाची दुपार मात्र सेल्युलर जेलसाठी ठेवा. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात पाखांपैकी आज तीनच उभे आहेत. सावरकर बंधूंमुळे मराठी माणसाला ही इमारत आधीच ओळखीची असते. पण कोठडीत उभे राहून वरच्या एवढ्याशा झरोक्याकडे पाहिल्यावर आईंच्या लहानपणच्या गोष्टींतले काळे पाणी मुलाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

किरकोळ गोष्टी थोडक्यात : रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, कारण नीलवरच्या एटीएमच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. औषधे दहा दिवसांची न्या. नीलवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. अंगाला क्रीम थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घ्या, तो मुलाच्या पाठीला आणि प्रवाळाला दोघांनाही बरा. जिथे पोहण्यास मनाई असल्याची पाटी आहे तिथे पाण्यात पाय घालू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि 2010 मध्ये हॅवलॉकवर एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. प्रवाळाचा तुकडा किनाऱ्यावर पडलेला मिळाला तरी खिशात घालू नका, तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि विमानतळावर सापडतो. जेवणाची चिंता नको : नीलवरची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची असून ती शेतकऱ्यांची आहे, त्यामुळे ताजी भाजी मुबलक मिळते. मासळीचे कालवण मात्र मोहरीचे असेल. नारळ तिथे झाडाझाडाला असला तरी आपले तिरफळे घातलेले हुमण मिळणार नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

आणि तिकिटे काढताना एक पाहा. बंगळूर किंवा चेन्नईला विमान बदलून परतताना स्वस्त म्हणून जे तिकीट पुढे येते, ते गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी दाबोळीचे आहे की मोपाचे, हे नीट वाचा. गाडी दाबोळीला ठेवून मोपाला उतरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

प्रश्न : अंदमानपेक्षा लक्षद्वीप आम्हां गोवेकरांना जवळ आहे. आम्हा दोघांना आठवडाभर तिथे जाता येईल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : जाता येईल, पण ‘तिकीट काढले आणि निघालो’ असे तिथे चालत नाही. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो, आणि राहण्याची जागा निश्चित झाल्याशिवाय त्याचे काम पुढे सरकत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी निवास, मग परवाना, मग तिकीट. छत्तीस बेटे मिळून जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर आहे आणि वस्ती दहाच बेटांवर आहे, तेव्हा जागा कमी असणारच. विमानतळ अगत्तीला आहे. जहाजे कोचीहून सुटतात आणि बेटानुसार चौदा ते अठरा तास घेतात. प्रवाळाच्या कड्याने वेढलेले उथळ, शांत खाजण-सरोवर हे तिथले वैभव आहे आणि पोहायला न येणाऱ्यालाही त्यात भीती वाटत नाही. ट्युना मासा आणि नारळ भरपूर, भाजी मात्र बरीचशी मुख्य भूमीवरून येते. बंगाराम वगळता दारूबंदी आहे. तुम्ही दोघेच आहात आणि काही न करता बसण्याची आवड असेल, तर अंदमानपेक्षा हे तुम्हांला जास्त मानवेल.

प्रश्न : विमानाचा प्रवास आणि खर्च दोन्ही झेपणारे नाहीत. दिवाडीवर आठवडाभर राहिलो तर कंटाळा येईल का? – एक वाचक, साखळी

उत्तर : किनारा आणि लाटा हव्या असतील तर पहिल्याच संध्याकाळी कंटाळा येईल, कारण दिवाडी हे मांडवीतले बेट आहे. खाजन शेते (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली), बांध, खारफुटी आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून ओहोटीला सुटणारे पाणी पाहण्याची हौस असेल, तर चार दिवस भरतील. उरलेले तीन चोडणसाठी ठेवा, जिथे डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात आणि ओहोटीला चिखल उघडा पडला की ते जवळून दिसतात. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवरच होते; देव पोर्तुगीज काळात नदीपलीकडे नार्व्याला नेला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करविला. दिवाडीहून फेरीबोटीने नार्व्याला उतरा, म्हणजे देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून तुमचाही प्रवास होईल. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा हा उत्सव असतो. गर्दी आवडत नसेल तर तो आठवडा टाळा. शेवटच्या फेरीबोटीची वेळ मात्र रोज धक्क्यावरच विचारून घ्या.