ओल्या चोथ्यासाठी ठेव मोडावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: मांसासाठी वाढवलेली 60 गुरे आहेत. डिस्टिलरीतून मक्याचा ओला चोथा टनामागे मक्याच्या 40 टक्के भावात गोठ्यावर पोच मिळतोय. वर्षाचे पैसे आगाऊ दिले तर भाव पक्का होईल, आणि त्यासाठी अडीअडचणीला राखलेली मुदत ठेव मोडावी का?

चोथा घ्या, पण ठेव मोडू नका.

या भावात पाण्याचेही पैसे आहेत. ओल्या चोथ्यात कोरडा भाग साधारण 33 टक्के असतो, मक्यात 88. म्हणजे कोरड्या वजनावर बरोबरी साधायची तर चोथा मक्याच्या साडेसदतीस टक्के भावात पडायला हवा. तुम्हाला तो थोडा महागच पडतोय. तरी परवडतो, कारण मक्यातला स्टार्च दारू होऊन जातो आणि मागे राहिलेली प्रथिने व स्फुरद जवळपास तिप्पट दाट होतात. पेंड वाचते. विक्रीआधी गुरे भरवताना ओला चोथा मक्याहून किमान 20 टक्के सरस धरला, तर 45 टक्के भावापर्यंत तोटा नाही.

खरी अडचण साठवणीची आहे. मोठे जनावर दिवसाला 10 किलो कोरडा आहार खाते असे धरू. त्यातला पाचवा हिस्सा चोथ्याचा, म्हणजे ओला 6 किलो. 60 गुरांना 360 किलो. दहा टनांची गाडी 28 दिवस पुरेल, आणि उष्ण दिवसांत उघडा चोथा आठवडाभरसुद्धा टिकत नाही. पाचवा हिस्सा जरी फेकला तरी 40 चा भाव 50 होतो, की फायदा संपला! हवाबंद खड्ड्यात तो टिकतो, पण खड्ड्याचा खर्च तुमच्या हिशेबात कुठेच दिसला नाही.

आगाऊ रक्कम म्हणजे कारखान्याला दिलेले विनातारण कर्ज. कारखाना बंद राहिला तर चोथाही नाही आणि पैसेही अडकले. शिवाय गंधकाचे प्रमाण प्रत्येक गाडीत बदलते. धान्यबहुल आहारात, पिण्याचे पाणी धरून, ते 0.3 टक्क्यांपुढे गेले तर मेंदूचा आजार होऊन जनावर आंधळे होऊ शकते, दगावूही शकते. म्हणून पैसे गाडीगणिक द्या, कोरड्या भागावर द्या आणि गंधकाचा अहवाल मागा. स्फुरद जास्त असल्याने मूतखडा टाळायला चुनखडीची पूड लागेल, तिचाही खर्च धरा.

दोन टनांची ट्रॉली साडेपाच दिवसांत संपते. तिचा पोच भाव विचारा. 45 च्या आत असेल तर सुरू करा, वर गेला तर वाळवलेल्या चोथ्याचा भाव काढा. तो महिनोन्‌महिने टिकतो.