करंट रेशो १.९ वरून १.२ वर आला, तर तेलक्षेत्र सेवा कंपनी अडचणीत आहे असं समजायचं का?

तुमचा प्रश्न श्लंबर्जेबद्दल आहे (२०२२ पासून नाव एसएलबी). करंट रेशो हे गुणोत्तर म्हणजे चालू मालमत्ता (रोकड आणि वर्षभरात रोकड होईल असं सगळं) भागिले चालू देणी (वर्षभरात फेडायचं सगळं). २०१५ अखेर चालू मालमत्ता चालू देण्यांच्या १.९ पट होती, २०१८ अखेर जेमतेम १.२ पट उरली. मग कंपनीची रोखता आटत चालली आहे का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही, कारण तुलनेची सुरुवातच फसवी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने कॅमेरॉन या तेल-उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदीच्या तयारीत रोखे काढून ६ अब्ज डॉलरचं कर्ज उभारलं होतं. त्यामुळे वर्षअखेरीला रोकड आणि अल्पमुदतीच्या गुंतवणुका मिळून सुमारे १३ अब्ज डॉलर हाताशी होते. एप्रिल २०१६ मध्ये खरेदी पूर्ण झाली, पुढे कर्जफेड आणि लाभांशही चालू राहिले. २०१८ अखेर हाच आकडा सुमारे २.८ अब्जांवर आला. चालू देणी मात्र दोन्ही वेळी साधारण १४ अब्जांच्या आसपासच होती. म्हणजे घसरण जवळजवळ सगळी रोकडीच्या ओळीत आहे. येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) बुडाली, असं त्यात दिसत नाही.

याच धंद्यातल्या हॅलिबर्टनचा २०१५ चा ताळेबंद याहून बोलका आहे. बेकर ह्यूजेस ही प्रतिस्पर्धी कंपनी घेण्यासाठी नोव्हेंबरमध्ये ७.५ अब्जांचे रोखे काढले आणि वर्षअखेरीला १० अब्जांवर रोकड जमली. गुणोत्तर जवळपास ४ वर गेलं. १ मे २०१६ रोजी व्यवहार फिसकटला, ३.५ अब्ज डॉलर भरपाई द्यावी लागली आणि २.५ अब्जांचे रोखे परत घ्यावे लागले. ते ४ कंपनीच्या ताकदीचं माप नव्हतंच.

या धंद्याची दुसरी खोड अशी की मंदीत गुणोत्तर बरेचदा सुधारतं. समजा चालू मालमत्ता २०० आणि देणी १४०, म्हणजे १.४३. काम घटलं, ४० ची जुनी बिलं वसूल झाली आणि त्यातूनच पुरवठादारांचे ४० फेडले. उरले १६० आणि १००, गुणोत्तर १.६! धंदा आक्रसला तरी आकडा सुधारला. तेजीत उलटं होतं: माणसं, रसायनं, सिमेंट, वाळू यांवर आधी खर्च आणि तेल कंपनीचे पैसे दोन-तीन महिन्यांनी, सरकारी तेल कंपनी असेल तर त्याहून उशिरा. त्यामुळे चढत्या काळात गुणोत्तर थोडं उतरलं तर मी घाबरणार नाही. मंदीत येणी घटत नसतील तर मात्र घाबरेन, कारण मग वसुलीच अडली आहे.

हिशेबाच्या नियमांनीही रेषा वाकते. अमेरिकी नियमांनुसार १ जानेवारी २०१९ पासून भाडेकरारांचं पुढच्या बारा महिन्यांचं देणं चालू देण्यांत आलं, पण त्यासमोरचा वापर-हक्क (भाड्याची वस्तू वापरण्याचा हक्क) दीर्घकालीन मालमत्तेत बसला. एक डॉलरही न हलता गुणोत्तर थोडं खाली आलं. २०१८ आणि २०१९ ची तुलना करताना ती रक्कम वजा करा.

प्रत्यक्ष काम करायचं तर वार्षिक अहवालांवर थांबू नका, चाळीसेक तिमाही ताळेबंद घ्या. चौथ्या तिमाहीत ग्राहक वर्षअखेरीची बिलं चुकवतात, उपकरणांची विक्रीही वाढते, म्हणून डिसेंबरचं चित्र सहसा सर्वांत गोंडस असतं. पहिल्या तिमाहीत बोनस वाटले जातात आणि रोकड आटते. मार्चची तुलना मार्चशीच करा. प्रत्येक तिमाहीसाठी रोकड, येणी, साठा, बारा महिन्यांत फेडायचं कर्ज आणि ग्राहकांची आगाऊ रक्कम वेगळ्या ओळींत लिहा. आगाऊ रक्कम देण्यांत दिसते, पण ती माल देऊन फिटते. येण्यांचे दिवस, म्हणजे बिलं वसूल व्हायला सरासरी लागणारे दिवस, काढायला येणी भागिले तिमाही महसूल गुणिले ९०. साठा शेवटी धरा. विशिष्ट विहिरींसाठी घेतलेले सुटे भाग मंदीत लवकर विकले जात नाहीत आणि पुढे त्यांची किंमत कमी करून लिहावी लागते.

आणि गुणोत्तराच्या शेजारी कर्जफेडीच्या तारखा नक्की मांडा. वेदरफोर्ड या दुसऱ्या तेलक्षेत्र सेवा कंपनीचं गुणोत्तर २०१८ अखेर १ च्या वरच होतं. तरी जुलै २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरी संरक्षणात गेली, कारण डोक्यावर सुमारे ८ अब्ज डॉलरचं कर्ज होतं आणि धंद्यातून त्याचं व्याज भागेल इतकी रोकडही येत नव्हती. त्यातलं बहुतेक कर्ज बारा महिन्यांपलीकडचं, म्हणून करंट रेशोत ते दिसतच नव्हतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत फेडायची रक्कम एका बाजूला, आणि हातची रोकड, न वापरलेली बँक मर्यादा व भांडवली खर्च वजा जाता उरणारी कामकाजातली रोकड दुसऱ्या बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे.